जेट स्की इतकी जड का झाली, आणि तुमच्या किनाऱ्याला किती वजन झेपेल?

प्रश्न थोडक्यात असा. दापोलीच्या बाजूला एका किनाऱ्यावर पुढच्या हंगामात एक जेट स्की भाड्याने चालवायची आहे. विचारणाऱ्याच्या काकांकडे गोव्यातून आणलेली जुनी, दोन सीटची टू-स्ट्रोक होती. संध्याकाळी चार पोरं मिळून ती उचलून वर ठेवायची. आता डीलर जी तीन सीटची दाखवतोय तिचं वजन साडेतीनशे किलोच्या घरात आहे. तेव्हा हे वजन वाढलं कशासाठी, जड म्हणजे मजबूत असं धरायचं का, आणि त्यापेक्षा एखादी जुनी हलकी शोधून घ्यावी का, असं त्यांना विचारायचं आहे.

मी अलिबागच्या बाजूला ही यंत्रं दुरुस्त करतो, त्याआधी बरीच वर्षं पर्यटकांना घेऊन चालवतही होतो. त्या अनुभवावरून सांगतो, घेणारा माणूस इंजिन किती ताकदीचं हे आधी विचारतो, पण धंद्याचं गणित ठरतं ते स्की वाळूवरून पाण्यात आणि पाण्यातून वाळूवर कशी नेता यावर. तुमच्या किनाऱ्याचा उतार कसा आहे, ओहोटीला पाणी किती लांब जातं, जवळ जेट्टी किंवा खाडी आहे का, ट्रॅक्टर मिळतो का, हाताखाली माणसं किती, हे मला माहीत नाही, आणि उत्तर याच गोष्टींवर अवलंबून आहे. म्हणून आधी वजन कुठून आलं ते सांगतो, मग त्यातलं किती तुमच्या कामाचं ते पाहू.

सुरुवातीला हे यंत्र एका माणसापुरतं होतं. अमेरिकेतल्या क्लेटन जेकबसन यांना मोटोक्रॉसचा नाद, आणि पाण्यावर तशीच गाडी हवी ही त्यांची कल्पना. त्यांच्याबरोबर करार करून बॉम्बार्डिए कंपनीने १९६८ मध्ये सी-डू नावाची अशी पहिली गाडी काढली. ३१८ सीसीचं इंजिन, १८ अश्वशक्ती. ती फार चालली नाही. १९७३ मध्ये कावासाकीने उभं राहून चालवायची जेट स्की आणली आणि तिथून हा प्रकार खऱ्या अर्थाने सुरू झाला. ४०० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, वजन शंभर किलोच्या थोडं वर. दोन माणसं तिला सहज उचलत. पण चालवणाऱ्याला तोल सांभाळावा लागे. नवखा माणूस सारखा पाण्यात पडायचा, त्यामुळे गिऱ्हाईक तरुण आणि दमदार एवढंच राहिलं.

वजनाची पहिली वाढ सीटमुळे झाली. यामाहाने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात दोन माणसं बसतील अशी वेव्हरनर आणली आणि १९९० मध्ये तीन सीटची. माणूस बसून चालवणार म्हटलं की हल, म्हणजे स्कीचं तरंगणारं धड, रुंद हवा, नाहीतर ती कलंडते. मागे आणखी एक माणूस बसणार म्हणजे सत्तर-ऐंशी किलो जास्त तरंगवायचे, शिवाय ते वजन मागच्या टोकाला. म्हणून लांबीही वाढवावी लागते. तिसरी सीट येण्यामागे आणखी एक कारण होतं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत दोरीला धरून पाण्यावरून घसरत येणारा स्कीअर ओढायचा असेल तर चालवणाऱ्याशिवाय त्याच्याकडे लक्ष ठेवणारा दुसरा माणूस किंवा आरसा लागतो, आणि ओढलेला माणूस दमला तर त्यालाही बसायला जागा हवी. असे तीन झाले. कुटुंबाने तळ्यावर घेऊन जायची वस्तू म्हणून ती विकली जाऊ लागली आणि एका माणसाचं यंत्र मागे पडलं.

दुसरी वाढ इंजिनामुळे, आणि ती कायद्यातून आली. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा चौथा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, न जळताच बाहेर जातो. आपल्या जुन्या स्कीमागे पाण्यावर जो रंगीत तवंग दिसायचा तो तोच. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९६ मध्ये आउटबोर्ड आणि जेट स्कीच्या इंजिनांसाठी धुराचे नियम केले आणि पुढच्या दहा वर्षांत ते टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. अमेरिकेतल्याच टाहो तळ्यावर १९९९ पासून जुन्या टू-स्ट्रोकवर बंदीच आली. कंपन्या फोर-स्ट्रोककडे वळल्या. २००२ च्या हंगामात यामाहाची १४० अश्वशक्तीची एफएक्स आली, त्याच सुमारास सी-डू आणि होंडाचीही फोर-स्ट्रोक यंत्रं आली. फोर-स्ट्रोक म्हणजे व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, तेलाचा साठा, तेलपंप, मोठं सिलिंडर हेड. तेवढ्याच ताकदीला ते इंजिन बरंच जड पडतं, आणि इंजिन जड झालं की त्याला तोलणारा हलही मोठा लागतो.

सीटचा परिणाम किती आणि इंजिनाचा किती हे वेगळं काढायचं असेल तर उभं राहून चालवायच्या यंत्रांकडे पाहा. तिथे माणूस आजही एकच आहे. यामाहाची सुपरजेट टू-स्ट्रोक होती तेव्हा १४० किलोच्या आसपास भरायची. २०२१ ला फोर-स्ट्रोक झाली आणि १७० वर गेली. कावासाकीची जुनी ८०० सीसीची एसएक्स-आर १७० च्या आसपास होती. २०१७ मध्ये १५०० सीसीच्या फोर-स्ट्रोकसह परत आली ती सुमारे २५० किलोची. यातला थोडा फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे, कारण जुना आकडा कोरड्या वजनाचा आणि नवा तेल-पेट्रोलसकट. तो वजा केला तरी बाकी वाढ इंजिन आणि त्याला पेलणारा हल यांची आहे.

तिसरी वाढ ताकदीच्या चढाओढीतून झाली. इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारे सुपरचार्जर आले. कावासाकीने २००७ मध्ये २५० अश्वशक्ती दिली, पुढे सगळेच तीनशेच्या घरात पोचले. एवढी ताकद पेट्रोल पिते, म्हणून टाकी मोठी. कावासाकीच्या अल्ट्रा या मॉडेलात सुमारे ८० लिटरची टाकी आहे आणि भरल्यावर तिचं वजन पावणेपाचशे किलोच्या पुढे जातं. मात्र अमेरिकेत कंपन्यांनी वेगाची मर्यादा आपणहून साधारण १०५ किलोमीटरवर धरली. वेगात फरक दाखवता येईना तेव्हा सोयी वाढल्या, असं मला वाटतं. ब्रेक, स्पीकर, मोठे कप्पे, मागे उभं राहण्याजोगी फळी. २०१९ मध्ये तर मासेमारीसाठी म्हणून बर्फाची पेटी आणि गळाच्या काठ्यांची सोय असलेली सी-डू आली, आणि तिची मोठी आवृत्ती ३.७३ मीटर लांब आहे. आंतरराष्ट्रीय मानकात या प्रकाराची लांबी ४ मीटरच्या आत धरलेली आहे. म्हणजे आता वाढायला वीत-दीड वीत जागा उरली.

सगळं एकाच दिशेने गेलं असंही नाही. यामाहाने २००८ च्या आसपास हलसाठी हलकं मिश्रण वापरायला सुरुवात केली. सी-डूची स्पार्क २०१४ च्या हंगामात आली ती काचतंतू मिसळलेल्या पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची, ९०० सीसीच्या लहान इंजिनाची, दोन सीटमध्ये १८४ किलो. फोर-स्ट्रोक असूनही हलकं यंत्र बनवता येतं हे तिने दाखवलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न: जड म्हणजे मजबूत का? नाही. वरचा हिशोब पाहिलात तर जास्तीचं वजन इंजिन, टाकी, रुंदी, सीट आणि सोयींमध्ये गेलेलं आहे. तळाची जाडी त्याने वाढलेली नाही. उलट जड यंत्र खडकावर टेकलं तर स्वतःच्या भारानेच जास्त फाटतं. मजबुतीऐवजी विचारायचं ते हे की, फुटली तर जोडणार कोण? फायबरचा हल असेल तर आपल्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या बांधणारे कारागीर आहेत. चांगलं इपॉक्सी वापरून, नीट घासून, आतून-बाहेरून काचतंतूंचं मॅट लावून ते तळ पक्का करून देतात. पॉलिप्रॉपिलीनला रेझिन धरत नाही. तिथे प्लॅस्टिक वितळवून वेल्ड करावं लागतं, आणि ते जमणारा माणूस दापोलीत मिळेल का याची चौकशी स्पार्कसारखं यंत्र घेण्याआधी करा.

कॅटलॉगमधलं वजन वाचताना ते कोरडं आहे की तेल-पेट्रोलसकट, हे पाहा. समजा ३५० किलो कोरडं आहे आणि टाकी ७० लिटरची. पेट्रोलचेच पन्नास किलो झाले. त्यात इंजिनातलं तेल, नांगर, दोरी, लाइफ जॅकेटं आणि बुडात साचलेलं पाणी. वाळूवर तुमच्या हाती येते ती चारशेच्या वरची वस्तू.

आणि आता मुख्य मुद्दा, जो मला माझ्या कारखान्यात सगळ्यात जास्त दिसतो. जेट स्कीचा पंप खालच्या जाळीतून पाणी ओढून मागे फेकतो. पाणी उथळ असेल तर पाण्याबरोबर वाळूही ओढतो. कंपन्यांच्या पुस्तिका यंत्राप्रमाणे कमीत कमी ६० ते ९० सेंटिमीटर पाणी असल्याशिवाय इंजिन सुरू करू नका म्हणतात, म्हणजे मांडी ते कंबरभर. हलकी स्की असली की दोन पोरं तिला तेवढ्या पाण्यापर्यंत ढकलत नेतात. चारशे किलोची सपाट किनाऱ्यावर घोटाभर पाण्यात रुतून बसते. मग काय होतं, तर दिवसातल्या पहिल्या दोन फेऱ्यांना पोरं नियम पाळतात आणि दुपारपासून गुडघाभर पाण्यातच बटण दाबतात. गिऱ्हाईक थांबलेलं असतं, अंग मोडलेलं असतं, त्यांना दोष देऊन उपयोग नाही.

याचा परिणाम उघडून पाहिल्यावर लगेच कळतो. इम्पेलर म्हणजे पंपातला पाणी फेकणारा पंखा. त्याच्या पात्याची कड आणि भोवतीची वेअर रिंग, म्हणजे झिजली की बदलायची कडी, यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी असते. वाळूने पात्याची धार बोथट होते, रिंगवर गोल चरे पडतात, आणि फट मोजायच्या फिलर गेजचं जाड पानही त्या फटीतून अलगद जातं. मग थ्रॉटल दाबलं की इंजिनाचा आवाज चढतो पण स्की पुढे उडी घेत नाही. मालक म्हणतो इंजिन गेलं. इंजिन ठीक असतं, पंप झिजलेला असतो. हंगामाच्या मध्यावर असं झालं तर भाग येईपर्यंत यंत्र उभं. जड यंत्राचा खरा खर्च हा आहे, आणि तो खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही.

किनाऱ्यागणिक हे बदलतं. देवबागच्या संगमाकडे खाडीच्या पाण्यात स्की दिवसभर तरंगत असते, तिथे शंभर किलो इकडेतिकडे झाले तरी कोणाला जाणवत नाही. अलिबागला उधाणाच्या ओहोटीला माणसं कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जातात, तिथे प्रत्येक किलो मोजावा लागतो. तुमच्याकडचे कर्दे-मुरुडसारखे किनारे सपाटच. ट्रॅक्टर किंवा रुंद, फुगीर टायरची ट्रॉली असेल तर वजनाची अडचण बरीच कमी होते. साधी बारीक चाकांची ट्रॉली ओल्या वाळूत रुतते, तिच्यावर पैसे घालू नका.

वजनाचे फायदेही खरे आहेत, आणि ते मी हलके मानत नाही. फेब्रुवारीनंतर दुपारी वारा सुटला की समुद्रात आखूड, उभ्या लाटा उठतात. त्या लाटांवर स्पार्कसारखं हलकं यंत्र उडतं आणि आपटतं, मागच्या माणसाची कंबर धरते. तीनशेच्या वरचं यंत्र लाट कापत जातं. आपल्याकडे येणारे बहुतेक पर्यटक पोहणारे नसतात, घाबरलेले असतात, एका बाजूला झुकतात. जुनी दोन सीटची अशा वेळी कलंडायची. रुंद यंत्र उभं राहतं, आणि पाण्यात पडलेला माणूस मागच्या पायरीवरून तिच्यावर चढू शकतो. गोव्यातले जीवरक्षक बचावासाठी मोठी, बसायची जेट स्की वापरतात त्यामागे हेच आहे.

पण जड यंत्र उलटं झालं तर सरळ करणंही जड जातं. कोणत्या बाजूने फिरवायचं याचं चित्र मागे चिकटवलेलं असतं. ते तुमच्या प्रत्येक चालकाने पाण्यात प्रत्यक्ष करून पाहिलेलं असलं पाहिजे, नुसतं वाचून ते जमत नाही.

टक्कर झाली तर काय, हेही याच जागी बोललं पाहिजे. समजा जुनं यंत्र आणि चालक मिळून १८० किलो, वेग ताशी ५५. आजचं यंत्र, पेट्रोल आणि दोन माणसं मिळून ५५० किलो, वेग ८०. वजन तिप्पट, आणि वेगाचा वर्ग घ्यायचा असल्याने आघाताची ऊर्जा सहा पटींहून जास्त होते. त्यात जेट स्कीला सुकाणू नाही. पाण्याचा झोत वळवूनच ती वळते. घाबरून थ्रॉटल सोडलं की वळणंही जातं आणि ती सरळ पुढे घसरते. नवशिक्या माणसाकडून अपघात होतात ते इथेच. नव्या यंत्रांतल्या ब्रेकमुळे थांबायचं अंतर कमी होतं, म्हणून सोयींमधली ही एक मी पैसे देऊन घेण्यासारखी मानतो. स्पीकर नको. आणि पर्यटकाला एकट्याला हँडल देऊ नका. तुमचा चालक पुढे किंवा मागे असलाच पाहिजे, हातात किल-स्विचची दोरी (चालक पडला की इंजिन बंद करणारी) बांधलेली, आणि त्याने गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेसारख्या ठिकाणी रीतसर शिक्षण घेतलेलं. पोहणाऱ्यांच्या भागात यंत्र कोणत्या वाटेने आत-बाहेर करणार हे मेरीटाइम बोर्डाच्या परवानगीच्या वेळीच ठरवून घ्या.

तर तुमच्या जागी मी काय घेतलं असतं? सपाट किनारा, ट्रॅक्टर नाही, दोन-तीन माणसं हाताखाली, फेऱ्या छोट्या, असं धरून सांगतो: तीन सीटची, सुपरचार्जर नसलेली, शंभर-एकशेदहा अश्वशक्तीची फोर-स्ट्रोक, कोरडं वजन २६० ते ३०० च्या मध्ये. डीलर दाखवतोय त्यापेक्षा पन्नास ते नव्वद किलो कमी आणि तरी दुपारच्या वाऱ्यात उभी राहणारी. फेऱ्या छोट्या असतील तर टाकी पूर्ण भरू नका. तीस लिटर कमी भरलंत तर वीस-बावीस किलो तिथेच वाचले. पूर्ण थ्रॉटलला फोर-स्ट्रोक इंजिन ताशी दर अश्वशक्तीमागे पाव ते तिसरा हिस्सा लिटर पितं, म्हणजे ११० ला तीसेक लिटर. तीनशे अश्वशक्तीचं काय होईल ते तुम्हीच मांडा. पर्यटकाला दहा मिनिटांच्या फेरीत त्यातली निम्मीही ताकद देता येत नाही. खाडीत, शांत पाण्यात चालवणार असाल तर स्पार्कच्या जातीचं यंत्र चांगलं. साडेतीनशेच्या वरचं घ्यायचं तर आधी ट्रॅक्टरचा बंदोबस्त, मग यंत्र.

गोड्या पाण्याने धुण्याची जागा कुठे, हेही वजनाशी बांधलेलं आहे. थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणारं इंजिन रोज धुवावं लागतं: आधी इंजिन सुरू, मग नळ, बंद करताना आधी नळ, थोडं रेस करून पाणी बाहेर काढायचं, मग इंजिन. क्रम उलटा झाला तर पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. जड स्की नळापर्यंत आणायचा कंटाळा आला की हे धुणं चुकतं आणि मीठ आत बसतं. म्हणून नळ स्कीपाशी न्या, लांब पाइप टाका. पावसाळ्यात धंदा बंद असतो तेव्हा शेडपर्यंत कशी नेणार, तेही आत्ताच पाहून ठेवा.

जुनी हलकी टू-स्ट्रोक शोधून धंद्याला लावू नका. भाग मिळवताना हंगाम जातो, दोन माणसं बसली की ती डगमगते, आणि तिचं न जळलेलं पेट्रोल त्याच पाण्यात जातं जिथे तुमचे शेजारी मासे धरतात. काकांची अजून घरी असेल तर घरच्यांसाठी ठेवा. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल घाला, क्रँक हाताने फिरतो का पाहा, कार्ब्युरेटरचे डायफ्रॅम, म्हणजे आतले लवचिक पडदे, बहुधा कडक झाले असतील ते बदला. नवीनसाठी डीलरकडून दोन गोष्टी लेखी मागा: तेल-पेट्रोलसकट वजन, आणि वेअर रिंग व इम्पेलर किती दिवसांत मिळेल. मग ओहोटीच्या वेळी तुमच्या किनाऱ्यावर ती तुमच्याच माणसांकडून कंबरभर पाण्यापर्यंत ढकलून पाहायला मागा. डीलर तयार नसेल तर ज्याच्याकडे तसं यंत्र आहे अशा एखाद्या चालकाकडे जा आणि त्याच्याबरोबर एक ओहोटी काढा.